आग मी लावली नाही

मी एक जुनी, जळकी इस्त्री आहे. माझी मूठ वितळली आहे, वायर तुटली आहे, अंगभर काजळी आहे. मला बघून कुणी नाक मुरडलं तर खुशाल मुरडू दे. पण मित्रांनो, एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढं घोळ नको. आग मी लावली नाही. कितीतरी दिवस माझ्या गळ्यात एक चिठ्ठी बांधलेली होती आणि तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'आगीचे कारण'. येणारा-जाणारा ती वाचायचा आणि माझ्याकडं डोळे वटारून बघायचा. तेव्हा मला तोंड असतं तर एकेकाची चांगली खरडपट्टी काढली असती. आता बोलायची संधी मिळाली आहे, तर बसा आणि सगळं ऐका.

माझा जन्म कारखान्यातला. तिथं माझा तळ इतका घासला, की तपासणी करणाऱ्या बाईंनी त्यात बघून आपले केस नीट केले. मी वजनदार होते. दुकानात गिऱ्हाईक यायचं, मला उचलायचं, 'बाप रे!' म्हणायचं आणि शेजारची हलकी, नाजूक, रंगीत इस्त्री घेऊन जायचं. मला राग यायचा. मग एक दिवस एक शिंपी आले. त्यांनी मला उचललं, हातात तोलून बघितलं आणि म्हणाले, "हां, ही खरी इस्त्री. बाकीच्या नुसत्या फुंकर मारतात." त्या क्षणी मी त्यांची झाले.

त्यांचं कपडे दुरुस्त करून, इस्त्री करून द्यायचं छोटं दुकान होतं. पुढं त्यांचे डोळे अधू झाले आणि दुकान त्यांच्या सुनेनं हातात घेतलं. तिला सगळे ताई म्हणायचे, म्हणून मीही ताईच म्हणते. खिडकीशी लाकडी टेबल, त्याच्यावर घडी घातलेलं निळ्या पट्ट्यांचं जुनं ब्लँकेट आणि त्याच्यावर मी. शाळेचे गणवेश, नर्सबाईंचे पांढरे कोट, मुलाखतीला निघालेल्या मुलांचे शर्ट, सगळं माझ्या पोटाखालून गेलं आहे. एका नवऱ्या मुलाचा कोट ऐन वेळी आमच्याकडं आला होता. ताईनं तो दहाएक मिनिटांत असा कडक इस्त्री करून दिला, की त्या मुलाच्या आईनं ताईला मिठीच मारली. शाबासकी ताईला मिळाली, पण घाम मी गाळला होता, हे विसरू नका.

आमच्या दुकानाचा एक नियम होता. तो सासऱ्यांनी घातलेला. तरुणपणी कधीतरी विझलेली समजून त्यांनी तापलेल्या इस्त्रीवर हात टेकला होता, त्याचा डाग तळहातावर कायमचा राहिला. तेव्हापासून त्यांनी घरात सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, की काम चालू असताना इस्त्री हातातून सोडलीत तर ती टाचेवर उभी करायची. उभी इस्त्री जागी असते, तिच्या वाटेला जायचं नाही. दुकान बंद करताना आधी बटण बंद करायचं, उरलेल्या धगीवर हातरुमाल इस्त्री करून काढायचे, मग ओलं बोट लावून बघायचं, मग अख्खा तळहात टेकायचा. गार लागली तरच तिला पोटावर पालथी निजवायची. पालथी इस्त्री झोपलेली असते. बाहेरच्या जगात लोक बंद केलेली इस्त्रीसुद्धा उभीच ठेवतात, हे मला फार उशिरा कळलं. आमच्या दुकानात हा नियम इतका अंगवळणी पडला होता, की त्याबद्दल कुणी बोलायचंसुद्धा नाही.

त्या दिवशीही तसंच झालं. दुपारी जेवायला जाण्याआधी ताईनं बटण बंद केलं, रुमाल काढले, बोट लावलं, तळहात टेकला, मला निजवलं आणि शटर ओढून ती घरी गेली. मी छान झोपले होते. वर छतात जुन्या वायरी होत्या, त्यातल्या एकीच्या अंगात काय आलं देव जाणे. ठिणग्या उडाल्या, छताचं लाकूड पेटलं आणि वरून जळके तुकडे पडू लागले. माझी मूठ वरून वितळत खाली ओघळली. मी ओरडू शकत नव्हते, पळू शकत नव्हते. कपाटातले कपडे गेले, शिलाई मशीन गेली, भिंतीपलीकडचं खेळण्यांचं दुकानही गेलं. मग बंबाचं पाणी आलं आणि सगळ्याचा चिखल झाला.

ताईनं दुकानाचा विमा उतरवला होता. त्यामुळं विमा कंपनीचा सर्व्हेअर आला, म्हणजे नुकसान कसं झालं ते तपासणारा माणूस. बुटांना चिखल लागू नये म्हणून तो टाचांवर चालत होता. त्यानं मला बघितलं आणि त्याचा चेहरा खुलला. इस्त्री पालथी, प्लग भिंतीत, बटण वितळून गेलेलं. झालं, आणखी काय पाहिजे? त्यानं वरून फोटो काढला, मला उचललं, गळ्यात ती चिठ्ठी बांधली, पारदर्शक पिशवीत घातलं, पिशवीला सील लावलं आणि सीलवर सही ठोकली. मी कशावर पडले होते, ते मात्र त्यानं वाकून बघितलं नाही.

विम्याच्या करारात एक अट होती. दुकान बंद असताना तापणारं उपकरण चालू ठेवलं, तर भरपाई नाही. त्या अटीवर बोट ठेवून कंपनीनं काखा वर केल्या आणि पिशवीसकट मला ताईकडं परत पाठवलं. मग गल्लीत सुरू झालं. "बटण बंद करायला काय पैसे पडतात?" "बिचारा खेळणीवाला, हिच्यापायी रस्त्यावर आला." खेळणीवाला आणि ताई रोज सकाळी एकमेकांना हात करून शटर उघडणारे शेजारी. तो ताई दिसली की तोंड फिरवून रस्ता ओलांडायला लागला. दुकान तर गेलंच होतं, आता तिची अब्रूही माझ्या नावावर जळत होती. सांगा, मी गप्प कशी बसू?

ताईनं मला त्या पिशवीसकट वकिलांकडं नेलं. औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांचं ऑफिस होतं. विम्याची भांडणं, एवढंच त्यांचं काम. सगळे ज्यांना काका म्हणायचे ते म्हातारे वकील आणि त्यांची सख्खी पुतणी, तिला सगळे वकीलबाई म्हणायचे. तिथं एक काचेचं कपाट होतं. मला त्यात ठेवलं. शेजारी तडा गेलेलं हेल्मेट, पुराच्या पाण्यानं बुरशी धरलेला बूट आणि एका ट्रकचा फुटका आरसा. प्रत्येकाच्या मागं कुणीतरी माणूस होता, ज्याला कंपनीनं 'तुमचीच चूक' म्हणून हात हलवत परत पाठवलं होतं. बरं वाटलं मला. निदान इथं माझ्यासारखे बदनाम झालेले बरेच होते.

वकीलबाईंची एक पद्धत होती. आलेल्या माणसाला त्या म्हणायच्या, "सांगू नका. करून दाखवा." ट्रकवाल्याला त्यांनी चाकांच्या खुर्चीवर बसवून ब्रेक कसा मारला ते करायला लावलं होतं. त्यानं इतक्या जोरात पाय दाबला, की खुर्ची थेट कपाटावर येऊन आदळली. आरसा आधीच फुटका होता म्हणून बरं. काका कपाळाला हात लावून म्हणाले, "अगं, खटला जिंकशील, पण ऑफिस राहील का?"

ताईला मात्र करून दाखवायला काही उरलंच नव्हतं. टेबल नाही, दुकान नाही, मी पिशवीत. कागदांवर कागद चढत गेले आणि एक दिवस कंपनीच्या वकिलाकडून निरोप आला. ताईच्या हयगयीनं आग लागली असं तिनं लिहून द्यावं, मग कंपनी थोडीफार भरपाई देईल.

काकांनी ताईला बोलावून समोर बसवलं. "ताई, मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. फोटो वाईट आहे. इस्त्री पालथी, प्लग भिंतीत. आपल्याकडं उत्तर नाही."

"लिहून दिलं तर दुकान उघडता येईल?"

"लहानसं येईल. पण तुमची सही बघून खेळणीवाला तुमच्यावर दावा लावू शकतो. तेही सांगायला हवं."

"सही करू नका," वकीलबाई म्हणाल्या. "तुम्ही बटण बंद केलं होतं ना? ठामपणे सांगा."

ताई म्हणाली, "मला आठवतच नाही हो. रोज करते ते काम. त्या दिवशी केलं की आदल्या दिवशी केलं, कसं सांगू? केलं असेल. किंवा राहिलीही असेल चालू."

मित्रांनो, आगीत मला जेवढं भाजलं नाही, तेवढं त्या वाक्यानं भाजलं. अगं ताई, तुझा तळहात माझ्या पोटावर टेकला होता! मी गार होते! पण पिशवीतल्या इस्त्रीचं कोण ऐकतं? ताईनं पेन उचललं.

"थांबा," वकीलबाई म्हणाल्या, "सही करायचीच असेल तर मी कोर्टातून आल्यावर करा. मला आत्ता एका सुनावणीला जायचंय." आणि खुर्चीवर पडलेला काळा कोट त्यांनी झटकून अंगात घालायला घेतला. तो कोट म्हणजे नुसता चोळामोळा.

काका म्हणाले, "हा घालून गेलीस तर न्यायाधीशांना वाटेल, अपघात तुलाच झालाय."

ताईला ते बघवेना. तिनं पेन खाली ठेवलं. "आणा इकडं. इस्त्री आहे का?"

ऑफिसात एक हलकी, रंगीत इस्त्री होती. तीच ती, फुंकर मारणारी. ताईनं टेबलावर टॉवेल अंथरला आणि कोट घेतला. आधी कॉलर, मग बाह्या, मग पाठ. तिच्या खांद्यांमधला ताण उतरलेला मला कपाटातून दिसत होता. कोट झाला. तिनं बटण बंद केलं, उरलेल्या धगीवर काकांचा हातरुमाल काढून टाकला. ओलं बोट लावलं. थोडं थांबून तळहात टेकला. आणि इस्त्री टॉवेलवर पालथी निजवली.

"अहो, टेबल जळेल!" वकीलबाई ओरडल्या. "पालथी काय ठेवताय?"

"जळेल कसं? झोपलीये ती."

"झोपलीये म्हणजे?"

ताई गोंधळली. "म्हणजे... बंद आहे, गार आहे. म्हणून पालथी. गरम असती तर उभी नसती का ठेवली? उभी म्हणजे जागी. आमच्या बाबांचा, म्हणजे सासऱ्यांचा, नियम आहे. घरात सगळे तसंच करतात."

कोट अर्धा अंगात, अर्धा बाहेर, अशा वकीलबाई तिथंच थांबल्या. त्यांनी फाइलमधून सर्व्हेअरचा तो फोटो काढून ताईपुढं धरला. मी पालथी पडलेले.

"ताई, आत्ता इस्त्री पालथी ठेवताना तुम्ही विचार केला होता?"

"नाही हो. आपोआप हात गेला."

"मग त्या दिवशीही आपोआपच हात गेला. म्हणजे तुम्हाला आठवत नसलं तरी तुमच्या हातानं बरोबर केलं होतं."

ताईचे डोळे भरले. माझ्या गळ्यात चिठ्ठी नसती तर मी नाचलेच असते. पण काकांनी चष्मा पुसत म्हटलं, "सवय सांगून भागणार नाही. ते म्हणतील, घरच्या घरी रचलेली गोष्ट. ती ज्या टेबलावर पडली होती, ते टेबल कुठंय?"

"बाबांना विचारायला हवं," ताई म्हणाली. "दुकानातला कचरा त्यांनी उचलला. त्यांना काही टाकवत नाही."

त्या माणसाला खरंच काही टाकवत नाही, देव त्यांचं भलं करो. टेबलाची जळकी फळी त्यांनी घराच्या मागं विटांवर ठेवून तिच्यावर कुंड्या मांडल्या होत्या. वकीलबाईंनी मला पिशवीसकट सोबत नेलं होतं, म्हणून पुढचं मी स्वतः बघितलं.

"फळी देणार नाही," सासरे म्हणाले. "माझी झाडं कुठं ठेवू?"

"बाबा!"

"बाबा-बिबा काही नाही. सगळं त्या सर्व्हेअरनं नेलं, आता फळी पण नेता?"

"झाडं मी धरतो," काका म्हणाले आणि त्यांनी खरोखरच एकेक कुंडी उचलून खाली ठेवली. त्यांच्या पांढऱ्या शर्टाला माती लागली. शेवटची कुंडी कोरफडीची होती, खाली मातीची ताटली असलेली. ती उचलली आणि सगळे फळीवर वाकले. सगळी फळी कोळसा झाली होती. पण ताटलीखाली एक जागा होती, पुढून निमुळती, मागून रुंद. तिथलं लाकूड जसंच्या तसं होतं आणि त्याला ब्लँकेटचा एक तुकडा चिकटलेला होता, निळ्या पट्टीसकट. ती माझी जागा होती. मी तिथं निजले होते. वरून आग पडली आणि मी खालचं सगळं झाकून धरलं.

"बाबा," ताई रडत म्हणाली, "मी निजवली होती हो."

"मग? मी कधी म्हटलं, नाही निजवलीस?" म्हाताऱ्यांनी डाग असलेला तळहात तिच्या डोक्यावर ठेवला. त्यांच्या मनात एकदाही शंका आली नव्हती. घरात मला मानणारं एक माणूस होतं आणि मला ते माहीत नव्हतं.

वकीलबाई पिशवी फोडायला निघाल्या होत्या. काकांनी त्यांचं मनगट धरलं. "वेडी आहेस का? सील त्यांचं आहे. ते त्यांच्याच माणसाच्या हातानं, न्यायाधीशांपुढं फुटलं पाहिजे."

कोर्टात मी पहिल्यांदाच गेले. फळी टेबलावर, शेजारी मी. सर्व्हेअर साक्षीला उभा राहिला. वकीलबाईंचा कोट त्या दिवशी कडक होता, ताईनं स्वतः काढून दिला होता.

"पिशवीवरची सही तुमची?"

"माझी."

"सील तुम्हीच लावलंत? नंतर कुणी उघडलेलं दिसतंय?"

"मीच लावलं. उघडलेलं नाही."

"इस्त्री उचललीत तेव्हा तिच्याखाली काय होतं?"

न्यायाधीशांनी मान वर केली.

"बघितलं नाही," तो म्हणाला.

"का?"

"कारण सापडलं होतं."

मित्रांनो, हे उत्तर ऐकून मला पहिल्यांदा त्याची कीव आली. तो खोटारडा नव्हता. त्याला उत्तर लवकर सापडलं, एवढंच त्याचं चुकलं. पण कीव आली म्हणून मी त्याला सोडलं नाही. न्यायाधीशांनी त्यालाच पिशवी उघडायला सांगितली. माझ्या पोटाला ब्लँकेटचे धागे चिकटलेले होते आणि त्यात निळ्या पट्टीचा फाटका अर्धा भाग होता. त्यानं मला उचलून फळीवरच्या त्या जागेवर ठेवलं. निळ्या पट्टीला निळी पट्टी येऊन भिडली.

कंपनीचा वकील उठून म्हणाला, की तेवढ्यानं इस्त्री बंद होती असं ठरत नाही. वकीलबाई शांतपणे म्हणाल्या, "इस्त्री तापलेली राहिली असती तर सगळ्यात आधी तिच्याखालची जागा जळाली असती, भोक पडलं असतं. इथं सगळं टेबल जळलंय आणि तेवढीच जागा वाचलीये. जिनं तेवढं वाचवलं, तिलाच तुम्ही आगीचं कारण म्हणताय." न्यायाधीश खुर्चीवरून उठून खाली आले आणि फळीशी वाकून कितीतरी वेळ बघत राहिले. त्या टाचांवर चालणाऱ्या माणसानं एवढंच करायला हवं होतं.

निकाल लागला तेव्हा न्यायाधीशांनी मोठ्यानं वाचलं, की इस्त्री बंद होती आणि आग छताकडून खाली आली. ताईचा काही दोष नाही, कंपनीनं पूर्ण भरपाई द्यावी. लोक जायला निघाले, पण ताई उभीच राहिली. "साहेब," ती म्हणाली, "हिच्या गळ्यातली ती चिठ्ठी काढू का?"

न्यायाधीशांनी ती चिठ्ठी वाचली. "काढा," ते म्हणाले.

सर्व्हेअर स्वतः पुढं झाला. पण गाठ त्यानंच घट्ट मारलेली, त्याला सुटेना. शेवटी ताईनं शिंप्याच्या सवयीनं दोरा दातानं तोडला आणि माझी मान मोकळी झाली.

आता नवं दुकान आहे, त्याच गल्लीत. उघडल्यावर पहिले काही दिवस खेळणीवाला लांबूनच बघायचा. मग एका सकाळी चुरगळलेला शर्ट घेऊन दारात आला. "कॉलर जरा नीट काढा," एवढंच म्हणाला. "उद्या या," ताई म्हणाली. दुसऱ्या दिवशी शटर उघडताना दोघांनी एकमेकांना हात केला. ताईच्या जागी मी असते तर त्याला आधी दोन शब्द सुनावले असते, पण ताईचा स्वभाव वेगळा आहे.

काम आता नवी इस्त्री करते. मला खिडकीतल्या फळीवर जागा दिली आहे. मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारख्या जुन्या वस्तू असतील. त्यांना पुसा, त्यांच्या वायरी तपासा, छतातल्या वायरी तर आधी तपासा. आणि काही जळालं, फुटलं, बिघडलं, तर जो सगळ्यात आधी नजरेला पडेल त्याच्या गळ्यात चिठ्ठी बांधू नका. आधी वाका, उचला, खाली बघा. वस्तूच्या बाबतीत तर बघाच, पण माणसाच्या बाबतीत आणखी नीट बघा.

मला फळीवर ठेवायची वेळ आली तेव्हा सासऱ्यांनी सवयीनं मला पालथी निजवली होती. "हिचं काम संपलं," ते म्हणाले. "झोपू दे आता."

"नाही बाबा," ताई म्हणाली. तिनं माझ्या वितळलेल्या मुठीला धरलं आणि मला टाचेवर उभी केली.

मला वायर नाही, माझ्यात धग नाही. पण आमच्या दुकानात उभी इस्त्री म्हणजे काय, ते आता तुम्हाला ठाऊक आहे.